गुलमर्गचं स्की-क्षेत्र: मालक सरकार, गिऱ्हाईक सहलवाले

प्रश्न असा आला आहे: "गुलमर्गचं स्की-रिसॉर्ट सरकारी आहे असं ऐकलं. ते उभं कसं राहिलं? सरकारी असल्यामुळेच ते युरोपच्या मानाने मागे पडलं का? खाजगी कंपनीच्या हातात दिलं तर सुधारेल का?"

गुलमर्गला सगळं एका छपराखाली चालवणारं असं रिसॉर्ट मुळात नाही. गोंडोला, म्हणजे रोपवे, जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीचा. जमीन, बांधकाम, परवानग्या हे गुलमर्ग विकास प्राधिकरणाकडे. स्की शिकवणारी मोठी संस्था केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची. शेजारी लष्कराची शाळा. हॉटेलं, भाड्याने स्की देणारी दुकानं, गाइड आणि स्लेज ओढणारे हे सगळे खाजगी, त्यातले बहुतेक पायथ्याच्या टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतले. मी इथेच स्की शिकलो आणि आता दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून शिकाऊ मंडळी घेऊन जातो, त्यामुळे यातल्या बहुतेक खिडक्यांपुढे ताटकळून झालेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. सरकार नसतं तर हा रोपवे झाला नसता. पण झाल्यावर सरकारने तो चालवला सहलवाल्यांसाठी. स्की करणारा त्यात कसाबसा सामावून घेतला जातो. मागे पडण्याचं कारण मालकीत शोधण्यापेक्षा तिथे शोधावं.

आता इतिहास. गुलमर्गला स्की आणली इंग्रजांनी. उन्हाळ्यात थंड हवेसाठी येणारे गोरे अधिकारी हिवाळ्यातही येऊ लागले आणि १९२७ मध्ये दोन लष्करी अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. नाताळ आणि ईस्टरच्या सुमारास त्यांचे मेळावे भरत. लिफ्ट वगैरे काही नव्हती. सकाळभर स्की पायाला लावून वरच्या खिलनमर्ग कुरणापर्यंत चढायचं आणि काही मिनिटांत खाली यायचं. स्थानिक माणूस यात होता तो हमाल म्हणून.

पुढे फाळणी झाली, काश्मीरचं युद्ध झालं आणि स्कीचा अर्थच बदलला. १९४८ च्या डिसेंबरमध्ये जनरल थिमय्या यांच्या १९ इन्फन्ट्री डिव्हिजनने गुलमर्गला स्की स्कूल सुरू केलं. बर्फातल्या सीमेवर सैनिकांना हलता यावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. हीच शाळा पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली; १९६२ मध्ये तिला वरचा दर्जा मिळाला. नियंत्रण रेषा इथून जवळ आहे. त्यामुळे गुलमर्गचा डोंगर 'सार्वजनिक मालकीचा' म्हणताना त्यात हा लष्करी भागही धरायचा असतो. आजही काही उतारांवर तुमच्या बाजूने पांढऱ्या कपड्यांतली लष्करी तुकडी रांगेत चढताना दिसते. तिकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे मी आमच्या मंडळींना पहिल्याच संध्याकाळी सांगतो.

पर्यटनासाठी स्की हा विचार साठच्या दशकाच्या शेवटी आला. भारत सरकारच्या पर्यटन खात्याने रुडॉल्फ मॅट या ऑस्ट्रियन स्कीतज्ज्ञाला १९६८ मध्ये बोलावलं आणि हिमालयात स्कीसाठी जागा निवडायला सांगितलं. त्याने गुलमर्ग निवडलं. डोंगर पाहिलेला कोणीही त्याच्याशी सहमत होईल. खाली सुमारे २६५० मीटरवर मोठं, मंद उताराचं कुरण आहे. उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात. नवशिक्याला पडायला याहून चांगली जागा मिळणार नाही. कुरणाच्या वर फर-पाइनचं जंगल, त्याच्या वर झाडं संपलेले खुले उतार आणि माथ्यावर अफरवटची लांब धार. हा सगळा उतार मुख्यतः उत्तर-ईशान्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे बर्फावर ऊन कमी पडतं. पश्चिमेकडून येणारे हिवाळी वारे, ज्यांना हवामानखातं पश्चिमी विक्षोभ म्हणतं, ते भूमध्य समुद्राकडून ओलावा घेऊन येतात आणि पीरपंजालच्या रांगेवर अडतात. जानेवारीतल्या एका चांगल्या वादळात इथे एक-दोन दिवसांत कमरेइतकं बर्फ पडू शकतं.

त्याच काळात केंद्राने इथे प्रशिक्षण संस्था काढली, आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग. पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण क्लबांतल्या अनेकांनी पहिली स्की इथेच पायात घातली. राहणं, जेवण, स्की, बूट, प्रशिक्षक सगळं धरून सरकारी कोर्स इतका स्वस्त पडतो की युरोपात तेवढ्या पैशांत जेमतेम काही दिवसांचे लिफ्ट पास येतील. सरकारी मालकीवर टीका करणाऱ्यांनी याकडे जरा बघावं. शिस्त मात्र शाळेची: सकाळी हजेरी, मग उतारावर आडवं उभं राहून एक-एक पाऊल चढणं आणि 'स्नोप्लाऊ', म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली, असं करत थांबायला शिकणं. दोन-तीन दिवस लिफ्टला हातही लावू देत नाहीत. मंडळी कुरकुरतात. पण जो त्या दोन दिवसांत पायाने चढला त्याचा तोल पुढे सुटत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता गोंडोला. गुलमर्गच्या गोष्टीतला खरा पेच इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऐंशीच्या दशकात राज्य सरकारने ठरवलं की अफरवटवर आधुनिक रोपवे न्यायचा. १९८८ च्या सुमारास केबल कार कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीला काम मिळालं. त्या वर्षांत परदेशी स्कीपटूंचं लक्ष काश्मीरकडे वळलंच होतं. सिल्वेन सोदां हा नावाजलेला स्विस स्कीपटू इथे हेलिकॉप्टरने लोकांना माथ्यावर नेत असे. १९८८ च्याच कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये गुलमर्गचा गुल मुस्तफा देव उतरला होता. दिवस चांगले येणार असं दिसत होतं, आणि १९९० मध्ये खोऱ्यात दहशतवाद भडकला. काम थांबलं. खांबांचं, तारांचं सामान बर्फात पडून राहिलं. हॉटेलं ओस पडली.

इथे खाजगी मालक असता तर काय झालं असतं? कर्जाचं व्याज चढत असताना, एकही पाहुणा येत नसताना, विमा कोणी द्यायला तयार नसताना तो प्रकल्प तिथेच गुंडाळला गेला असता. सरकारने तो गुंडाळला नाही. काही वर्षांनी काम परत सुरू झालं आणि १९९८ मध्ये गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला टप्पा चालू झाला. कोंगडोरी ३००० मीटरच्या थोडी वर आहे. २००५ च्या मे महिन्यात दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९५० मीटरवर गेला. गोंडोलात बसून इतक्या उंचीवर स्कीसाठी पोहोचता येईल अशा जागा जगात बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. वरून खाली गुलमर्गपर्यंत उभी घट सुमारे १३०० मीटरची. बर्फ चांगलं असेल तर जंगलातून बाबा रेशीच्या दर्ग्यापर्यंत किंवा द्रंगच्या बाजूला उतरता येतं आणि तिथून जीपने परत यावं लागतं.

२००५ नंतरच्या हिवाळ्यांत ऑस्ट्रेलियन, स्कॅन्डिनेव्हियन, रशियन, अमेरिकन स्कीवाले इथे येऊ लागले. यंत्राने दाबून तयार केलेल्या पट्ट्या त्यांना नको होत्या. न दाबलेलं, कोरडं, खोल बर्फ हवं होतं. गावातल्या पोरांनी त्यांच्याकडून जड रुंद स्की कशा चालवायच्या ते पाहिलं, त्यांनी जाताना सोडलेलं सामान विकत घेतलं आणि गाइड झाली. टंगमर्गजवळचा आरिफ खान याच मातीतला. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, आणि हा २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, तो ४५ वा आला. आल्प्समधल्या पोरांना दिवसाला पंधरा-वीस फेऱ्या मिळतात. याला लिफ्ट सुरू आहे की नाही इथपासून सुरुवात. हे लक्षात घेतलं तर तो ४५ वा क्रमांक फार मोठा आहे.

हा झाला चढता आलेख. आता दुसरी बाजू.

या गोंडोलाची क्षमता ताशी सुमारे ६०० माणसं. युरोपातला नवा गोंडोला ताशी दोन-तीन हजार नेतो. १९८८ मध्ये ठरवताना ६०० पुरेसं वाटलं असणार. पण आज गुलमर्ग म्हणजे काश्मीर सहलीतला ठरलेला दिवस आहे: श्रीनगरहून सकाळी निघायचं, टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि लांब कोट चढवायचे, गोंडोलात बसायचं, वर बर्फात फोटो काढायचे, मॅगी खायची, संध्याकाळी परत. यात आपली मराठी मंडळी भरपूर, विशेषतः मे महिन्यात. २०२३ मध्ये गोंडोलाने वर्षाला दहा लाखांच्या आसपास प्रवासी नेले आणि उत्पन्न शंभर कोटी रुपयांच्या वर गेलं. सरकारी कंपनीसाठी ही घसघशीत कमाई आहे. नाकं मुरडण्यासारखं त्यात काही नाही. या पैशावर खोऱ्यातली कित्येक घरं चालतात.

पण या आकड्यात स्की करणारे किती, हे विचारा. अगदी थोडे. सहलवाला एका तिकिटात एकदा वर जातो. स्कीवाला दिवसात सहा-सात वेळा जाऊ पाहतो, आणि प्रत्येक वेळी त्याची जागा अशा माणसाने घेतलेली असते ज्याने ऑनलाइन तिकिटासाठी आठवडाभर आधी धडपड केली आहे. कॉर्पोरेशनच्या हिशोबात दोघांची किंमत सारखी. मग रांग कोणाच्या सोयीने लागणार? याच कॉर्पोरेशनकडे श्रीनगरचा मखदूम साहिबचा आणि जम्मूचा असे आणखी रोपवे आहेत. दोन्ही दर्शनाचे आणि फिरण्याचे. त्यांची सगळी सवय माणसं वर नेऊन खाली आणण्याची आहे. स्कीचा डोंगर चालवायचा तर माणूस वर सोडल्यावर तो खाली कुठून आणि कसा येतो, हे सांभाळावं लागतं. कामाचा मोठा भाग तिथेच असतो.

जानेवारीतल्या बर्फ पडून गेलेल्या सकाळी कोंगडोरीला उभं राहून बघा. पहिल्या टप्प्यातून उतरलेले स्कीवाले दुसऱ्या टप्प्याच्या फाटकापाशी जमलेले असतात. आकाश निळं, वारा पडलेला. तरी फाटक बंद. सहलवाले विचारतात, "हवा तर छान आहे, बंद का ठेवलंय?" वर गस्ती पथकाचे, म्हणजे स्की पट्रोलचे लोक उतार तपासत असतात. बर्फात छातीएवढा खड्डा खणतात, त्याची उभी भिंत हाताने साफ करतात आणि थर बघतात. नोव्हेंबरात पडलेलं पहिलं बर्फ कोरड्या थंडीत आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की तळाशी रव्यासारखं सुटं होतं. कण एकमेकांना धरत नाहीत. त्यावर जानेवारीचं जड बर्फ बसतं आणि धारेवरचा वारा आणखी आणून टाकतो. वरून सगळं गुळगुळीत, सुंदर. एका माणसाच्या वजनाने तो अख्खा थर निसटतो. पथकाने हिरवा कंदील दिला तरी तो गोंडोलाच्या खालच्या मुख्य उतारापुरता असतो. त्या हद्दीच्या डाव्या-उजव्या दऱ्यांत तुम्ही गेलात तर तुमची जबाबदारी तुमची.

ही जबाबदारी कागदी नाही. २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्ग परिसरात हिमस्खलनात लष्करी शाळेचे १७ जवान गेले. ते तर प्रशिक्षित लोक. २०२३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. म्हणून माझ्याबरोबर हद्दीबाहेर येणाऱ्याकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ-यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) नसेल तर मी त्याला खालच्या कुरणात पाठवतो, मग त्याने कितीही पैसे भरलेले असोत.

अपघाताचा दुसरा प्रकार रोपवेचा. २०१७ च्या २५ जूनला जोराच्या वाऱ्यात एक झाड उन्मळून रोपवेवर पडलं आणि सात जण गेले. त्यात एका कुटुंबातले चौघे होते. तो भर उन्हाळा होता, स्कीचा हंगाम नव्हता. तेव्हापासून वारा वाढला आणि गोंडोला थांबवला की मी वाद घालत नाही, आणि माझ्याबरोबरच्यांनाही घालू देत नाही.

सार्वजनिक मालकीची स्की-क्षेत्रं ही आपल्याकडचीच गंमत आहे असं समजू नका. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याच्या मालकीच्या कॅनन माउंटनवर १९३८ मध्येच रोपवे सुरू झाला. विंटर पार्क डेन्व्हर शहराच्या नगरपालिकेने १९४० मध्ये काढलं. व्हाइटफेससाठी तर न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत दुरुस्ती करावी लागली, कारण तिथलं जंगल कायम राखीव ठेवण्याचं कलम होतं; ते १९५८ मध्ये उघडलं आणि पुढे १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकच्या उताराच्या शर्यती तिथेच झाल्या. तिन्ही ठिकाणी मालक सरकार, आणि तिन्ही ठिकाणी गिऱ्हाईक मुख्यतः स्की करणारा. तिकिटाची रचना, लिफ्टच्या वेळा, पट्ट्या दाबणारी यंत्रं, गस्त, सगळं त्याच्याभोवती आखलेलं. विंटर पार्क आता खाजगी कंपनी चालवते, मालकी मात्र डेन्व्हरची आहे. म्हणजे मालकी आणि चालवणं हे वेगळं करता येतं.

आपल्याकडे तुलना करायची तर उत्तराखंडमधल्या औलीशी करा. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे १९९४ च्या सुमारास सुरू झाला, तोही सरकारीच, गढवाल मंडल विकास निगमचा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली. पण ती यंत्रं हवा शून्याच्या पुरेशी खाली आणि कोरडी असल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे ज्या हिवाळ्यात त्यांची सर्वांत जास्त गरज असते त्याच हिवाळ्यात ती गप्प बसतात. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठ खचू लागलं आणि रोपवे बंद करावा लागला. औलीचे उतार नवशिक्यासाठी गुलमर्गच्या मधल्या भागापेक्षा सरस आहेत, हे माझं जुनं मत आहे, आणि काश्मीरमधले माझे मित्र ते ऐकून अजून चिडतात.

बर्फाची चिंता आता गुलमर्गलाही आहे. २०२४ च्या जानेवारीत, चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीच्या ऐन चाळीस दिवसांत, कुरण तपकिरी पडलं होतं. बर्फ आलं ते महिना संपता संपता. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून इथे भरतात. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या तारखा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला. मेलेल्यांत महाराष्ट्रातले लोक होते, आणि आपल्याकडची आरक्षणं रातोरात रद्द झाली. तो हंगाम गेला. अशा वर्षी रोपवे चालू ठेवणं, माणसांचे पगार देणं हे पुन्हा सरकारी मालकालाच जमतं.

तर खाजगीकरण करावं का? रायगडचा रोपवे खाजगी कंपनी चालवते आणि व्यवस्थित चालवते, म्हणून लोक तोच दाखला गुलमर्गला लावतात. तो लागू पडत नाही. रायगडावर वर गेलेला माणूस त्याच केबिनने खाली येतो. गुलमर्गला उद्या कंत्राट निघालं तर घेणारी कंपनी आधी काय करेल, हे सांगायला ज्योतिषी नको. दहा लाखांचे पंधरा लाख सहलवाले करेल, वर आणखी एक उपाहारगृह काढेल, आणि स्कीवाल्याची रांग आणखी लांबेल.

मला विचारलंत तर मालकी आहे तशी राहू द्यावी आणि तीन गोष्टी कराव्यात. हिवाळ्यात सकाळी पहिला दीड तास दुसरा टप्पा फक्त स्की आणि स्नोबोर्डवाल्यांसाठी ठेवावा, दिवसाचा पास देऊन. सहलवाल्यांची बस श्रीनगरहून तोवर पोहोचलेलीही नसते. शंभर कोटींतला एक ठरलेला हिस्सा गस्ती पथकासाठी बांधून द्यावा: त्यांच्या पगाराला, धोक्याचं बर्फ मुद्दाम आधीच पाडायच्या स्फोटकांना, हवामान केंद्रांना, विम्याला. आज हे काम प्राधिकरणाचं आणि तिकिटाचा पैसा कॉर्पोरेशनचा, त्यामुळे धोका एकाच्या खात्यात आणि कमाई दुसऱ्याच्या. आणि गाइडचा परवाना हिमस्खलनाच्या परीक्षेला जोडावा. आज उत्तम स्की करणारा आणि माणसं सुखरूप परत आणणारा यांच्यात गिऱ्हाइकाला फरक कळण्याचा सोपा मार्ग नाही.

शिकायला जायचा विचार असेल तर सरकारी संस्थेचा पहिला कोर्स करा, अर्ज हंगामाच्या बऱ्याच आधी भरा, आणि तारखा फेब्रुवारीच्या घ्या. जानेवारीचं बर्फ खोल असतं, पण ते तुमच्यासाठी नाही. फेब्रुवारीत तळ पक्का झालेला असतो, दिवस मोठा असतो आणि कुरणावरची ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभं असताना ओढून वर नेणारी लिफ्ट, जास्त वेळ चालते. बूट भाड्याने घेताना मापापेक्षा मोठे घेऊ नका. दुकानदार "थंडीत जाड मोजे लागतील" म्हणून मोठे देतो. त्यात टाच उचलली गेली की स्की वळत नाही. एकच पातळ लांब मोजा घाला, बकल आवळा आणि गुडघा पुढे वाकवून टाच जागेवर राहते का बघा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुमच्या वजनाला लावून घ्या आणि ते समोर उभं राहून करून घ्या. आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापावर ठेवलेली बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, आणि मग स्कीऐवजी गुडघा सुटतो.